भूलतज्ज्ञ मित्रास: ‘ग्रीन फॉर डेंजर’विषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

काल रात्री ‘ग्रीन फॉर डेंजर’ हा १९४६ सालचा ब्रिटिश चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला. पाहताना सारखी तुझीच आठवण येत राहिली, म्हणून फोन न करता सविस्तर लिहायला बसलो आहे.

ख्रिश्चिआना ब्रँड यांच्या कादंबरीवर सिडनी गिलियट यांनी तो काढला. काळ ऑगस्ट १९४४चा. आकाशातून जर्मनांचे व्ही-१ हे उडते बॉम्ब घरघरत जातात, आणि ती घरघर थांबली की खाली सगळ्यांचा श्वास अडकतो, कारण आता तो कोसळणार. अशाच एका हल्ल्यात जखमी झालेल्या पोस्टमनला खेड्यातल्या रुग्णालयात टेबलावर घेतात. शस्त्रक्रिया तशी साधी, पण भूल देतानाच तो दगावतो.

नुआर, म्हणजे गुन्ह्यांचे ते काळोखी चित्रपट, म्हटले की ओले रस्ते आणि अंधाऱ्या गल्ल्या आठवतात. इथे भीती ऑपरेशन थिएटरच्या, तुमच्या ओटीच्या, लख्ख दिव्याखाली उभी आहे. टेबलाभोवती जमलेल्या, मास्क बांधलेल्या चेहऱ्यांची सुरुवातीलाच एकेक करून ओळख करून दिली जाते आणि खुनी त्यांच्यातच आहे हे आपल्याला कळते. मग त्या कापडाच्या वर दिसणाऱ्या डोळ्यांखेरीज धरायला काहीच उरत नाही. माझ्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तू उशाशी उभा होतास, तेव्हा मलाही तुझे डोळेच दिसत होते. ते ओळखीचे होते म्हणून मी निर्धास्त झोपलो. त्या पोस्टमनला ते भाग्य नव्हते.

खून झाला आहे आणि आपल्याकडे पुरावा आहे, असे सिस्टर बेट्स भर पार्टीत सर्वांसमोर सांगून बसते आणि रात्री एकटीच ओटीत जाते. अंधारात गाऊन, टोपी आणि मास्क घातलेली एक आकृती स्तब्ध उभी असते, हातात स्कॅल्पेल. रोज विश्वासाने पाहिलेला तो पोशाखच अंगावर येतो. माझ्या मते सबंध चित्रपटात याहून भेदक काही नाही.

इन्स्पेक्टर कॉक्रिल झालेले ॲलिस्टर सिम मिश्कील आहेत, तरी बॉम्बच्या आवाजाने तेही दचकतात, हे मला फार आवडले. पण माझे मन गुंतले ते ट्रेव्हर हॉवर्ड यांनी साकारलेल्या डॉ. बार्न्समध्ये. तो तुझ्याच व्यवसायातला, आणि पहिला संशय त्याच्यावरच येतो. रुग्ण बरा झाला तर नाव सर्जनचे, दगावला तर बोट भूलतज्ज्ञाकडे, हे तू किती वेळा बोलला आहेस!

खुनी कोण ते सांगत नाही. मात्र बार्न्स ऑक्सिजन वाढवतो आणि रुग्ण सावरण्याऐवजी अधिकच खालावतो, तो प्रसंग नीट पाहा. तुमच्या ओटीत असतो तसाच काळा, पांढऱ्या खांद्याचा सिलिंडर तिथे आहे. कुठे पाहायचे, हे तुला सांगावे लागणार नाही.

तुझाच,
बालमित्र