राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरवाल्या दादांना

स. न. वि. वि.

दादा, तुमचं नाव इथं लिहीत नाही. ते तुम्हाला आवडायचं नाही, आणि ज्यांचं मशीन कधी तुमच्या टेबलावर आलंय ते ओळखतीलच.

ऐन मे महिना, लग्नसराई, संध्याकाळी वळीव आणि लाइटची ये-जा. मी घरीच पत्रिका करून देते, हे तुम्हाला माहीत आहे. कॉम्प्युटर विंडोजच्या चिन्हावर अडकला आणि आतून टक्, टक् आवाज यायला लागला. भाचा चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधला डिस्क दुरुस्तीचा प्रोग्रॅम, चालवायला निघालेला. तुम्ही फोनवरच तो आवाज ऐकलात आणि म्हणालात, "वैनी, आधी बटण बंद. वायर काढा. आता परत लावून बघायचं न्हाई."

आभार मुख्यतः या वाक्याचे. 'आणा, फॉरमॅट मारून देतो' म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि मशीन खरंच चालू होतं; आतलं सगळं जातं तेवढंच.

डिस्क दुरुस्त करायच्या भानगडीत तुम्ही पडलाच नाहीत. मरायला टेकलेल्या डिस्कवर दुरुस्तीचा प्रोग्रॅम सोडला तर उरलेला जीवही त्यातच जातो, म्हणालात. विंडोजऐवजी लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून डीडीरेस्क्यू सुरू केलंत, म्हणजे बिघडलेल्या डिस्कवरचं दुसरीकडं उतरवून घेणारा प्रोग्रॅम. काळ्या पडद्यावर आकडे सरकत होते आणि डिस्क मशीनबाहेर काढून टेबलफॅनसमोर ठेवलेली. आधी जिथलं सहज वाचता येतं तिथलं उचलायचं, अडलं की पुढं जायचं, आणि हट्टी जागांकडे सगळ्यात शेवटी परत यायचं. कुठवर आलो याची नोंद तो प्रोग्रॅम स्वतःच फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळं मध्ये लाइट गेली तरी पहिल्यापासून करावं लागलं नाही. थोड्या फाइली गेल्या. पण निमंत्रकांच्या याद्या वाचल्या! कुणाचं नाव कुणाच्या खाली आलं यावरून आपल्याकडं काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

नंतर घरी आलात ते खरं तर नवी डिस्क बसवायला. पण आधी मल्टिमीटर काढून बोर्डाचं अर्थिंग तपासलंत. यूपीएस उघडलात तर बारा व्होल्टची बॅटरी फुगून कडेला अडकलेली, स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून काढावी लागली. लाइट गेली की मशीन धाडकन बंद का पडायचं, ते तेव्हा कळलं. यूपीएस काम करत बसायला नसतो, सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता असतो, हेही तुम्हीच सांगितलंत. वीज कडाडायला लागली की प्लगबरोबर इंटरनेटची तांब्याची वायरही काढायची, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

कॉपीचं तुमचं गणित मात्र खास कोल्हापुरी. एक डिस्क घरात, पण कॉपी झाली की काढून कपाटात. लावून ठेवली तर व्हायरस मशीनबरोबर तिच्याही फाइलींना कुलूप घालतो. दुसरी नणंदेकडं गारगोटीला, कारण २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरीत पाणी कुठवर आलं होतं ते आपण बघितलंय. त्यातूनही भिजलीच, तर उन्हात वाळवून चालू करायची नाही. गाळ आत चिकटून बसतो. ओलीच पिशवीत बंद करून डेटा काढणाऱ्याकडं न्यायची. आणि कॉपी कधी घ्यायची? "अमावास्येला लिंबू-मिरची बदलताय न्हवं, तवाच. आन् त्यातली एखादी फाइल उघडून बघायची, नुसती कॉपी झाली म्हणून गप बसायचं न्हाई." तेव्हापासून आमच्याकडं अमावास्या चुकत नाही. सासूबाईंना वाटतं, सून देवाधर्माला लागली.

जुनी डिस्कही तुम्ही ठेवून घेतली नाहीत. "हिच्यात लोकांचे पत्ते, फोन नंबर हायत, भंगारात टाकू नका," म्हणत माझ्यासमोरच ड्रिलनं आरपार भोकं पाडून हातात दिलीत.

दुकानाच्या कार्डावर अजून जुनाच नंबर आहे. नवा मजकूर पाठवा. डिझाइन माझ्याकडून, कागदाचे आणि छपाईचे तेवढे द्या. नाही द्यायचे म्हणालात तरी चालेल, पण मग बिलावरून आपलं भांडण होईल.

आपली,
शाहूपुरीतली पत्रिकावाली वैनी