‘मावशी कुठं बसणार?’ असं विचारणाऱ्या प्लंबरकाकांना

प्रिय काका,

तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त व्हॉइस मेसेज ऐकता, लिहिलेलं काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितेय. कुणी ना कुणी वाचून दाखवेलच. नाव घालत नाही. ठाण्यातल्या नौपाड्यात ज्यांच्या घरी तुम्ही नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जाळीखालचं, वास अडवणारं भांडं) बसवला असेल, त्यांना दुसऱ्या ओळीतच कळेल हे पत्र कुणाला आहे ते.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा माझं सगळं ठरलेलं होतं. मानेचं दुखणं, हॉटेलात एकदा मिळालेलं टबातलं सुख, आणि मोबाइलवर वर्षभर जमवलेले फोटो. मला स्लिपर टब हवा होता. चहूबाजूंनी मोकळा, भिंतीला न चिकटलेला, एका बाजूने उंच उठलेला, म्हणजे पाठ आणि मान टेकून पडता येईल असा. आईने फोटो पाहून विचारलं होतं, “सपातेत बसून अंघोळ करणार तू?” तिचा टोमणा नकळत बरोबरच होता. मागून उंच आणि पुढे उतरता या आकारावरूनच ते नाव पडलंय. (इंग्लंडमध्ये १८४६ च्या कायद्यानंतर सार्वजनिक स्नानगृहं उभी राहिली, तिथल्या एकेका माणसासाठीच्या टबांनाही स्लिपर बाथच म्हणत. घरी न्हाणीघर नसलेल्या माणसांची ती सोय. आता तीच वस्तू शोरूममध्ये दिव्यांच्या झोतात मांडून ठेवतात.)

एका दुकानात मला बिडाचा टब जवळजवळ गळ्यात मारला होता. १७०० मिलिमीटर लांब, खाली वाघाच्या पंजाचे चार पाय. तुम्ही कागदावरचं वजन वाचलंत, १७० किलो, आणि माझ्याच पेनाने बिलाच्या मागे बेरीज मांडलीत. टब १७०, पाणी १४०, मी ६५. “ताई, पावणेचारशे किलो चार पंजांवर. आणि बिल्डिंगचं वय?” मी म्हटलं, चौतीस. तुम्ही पेन खाली ठेवलंत. “मी प्लंबर आहे, इंजिनिअर नाही. सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट ज्यांनी केलं त्यांना विचारा, मग मला बोलवा.” आणि चहा पिऊन निघालात. व्हिजिटचे पैसेही घेतले नाहीत, कारण तुमच्या मते काम झालंच नव्हतं.

इंजिनिअरसाहेबांनी समजावलं की घरातल्या बाथरूमचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने धरतात, आयएस ८७५ या भारतीय मानकात तसंच आहे. बिडाचा टब भरला की त्याच्या पायाखालच्या जागेवर चौरस मीटरला तीनशेच्या आसपास भार येणार होता. त्यांनी बीड आणि दगडी रेझीन (दगडाची भुकटी घातलेलं, तेही जडच) दोन्ही खोडलं. अ‍ॅक्रिलिकचा छोटा टब चालेल म्हणाले, तोही बीम कुठून जातोय ते नकाशात पाहून. हे मला ना दुकानात कुणी सांगितलं होतं, ना इंटिरिअरवाल्या मुलीने.

पण मी आभार मानायला बसले ते त्यासाठी नाही. दुसऱ्या खेपेला तुम्ही खाली टाकलेला फ्रिजचा खोका उचलून आणलात. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी माझं अभिनंदन केलं, नवा फ्रिज घेतला म्हणून! तुम्ही तो खोका फाडून, कात्रीने पावणेसहा फुटांची सपात कापलीत आणि आठ बाय पाचच्या आमच्या बाथरूममध्ये अंथरलीत. दार उघडायला गेलात तर दार खोक्याला अडलं. मी म्हटलं, दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं करू. तुम्ही काही बोलला नाहीत. आईचं प्लॅस्टिकचं स्टूल कोपऱ्यातून उचललंत, हातात धरून इकडे तिकडे पाहिलंत आणि विचारलंत, “मावशी कुठं बसणार?”

काका, वर्षभर फोटो जमवताना हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ती स्टुलावर बसून, बादली पुढ्यात घेऊन, तांब्याने अंघोळ करते आणि मरेपर्यंत तशीच करणार. दोन फूट उंचीची कड ओलांडून ती त्या टबात कधीच जाणार नव्हती. माझ्या सगळ्या फोटोंमध्ये बाथरूममध्ये दुसरं माणूसच नव्हतं. दारात उभी राहून आई ऐकत होती. म्हणाली, “मी काय, किचनच्या मोरीत करीन.” ती हे गंमतीत म्हणाली नव्हती, हे तुम्हालाही कळलं.

तुम्ही खोका पुन्हा कापलात. आता पाच फुटांना बोटभर कमी. १५०० मिलिमीटरचा सिंगल स्लिपर, म्हणजे एकच बाजू उंच. टबाच्या चहूबाजूंनी पोछा फिरेल एवढी चार इंच जागा सोडलीत, उरलेल्या जागेत स्टूल, बादली, आणि भिंतीत आईसाठी स्टीलचा दांडा. मला तुम्ही त्या पुठ्ठ्यावर आडवं व्हायला लावलंत. पाय थोडे दुमडावे लागत होते. “लांब पसरून झोपायला बेड आहे. पाण्यात मान टेकली पाहिजे.” हे खरं होतं, त्यात पाय समोर टेकले तर माणूस पाण्यात खाली घसरतही नाही.

उंच बाजू कुठे हेही तुम्हीच फिरवलंत. मला वाटलं, ती खिडकीखाली शोभेल. पण सिंगल स्लिपरचं पाणी पायाकडून, बुटक्या बाजूने निघतं, आणि आमची डक्ट, म्हणजे पाइप खाली उतरतात ती उभी पोकळी, खिडकीच्या भिंतीमागे. पाइपाला मीटरमागे दोन-अडीच सेंटीमीटर उतार द्यायचा तर पाइप जितका लांब तितकी खोली जास्त लागणार, संकनमध्ये, म्हणजे लादीखालच्या खोलगट स्लॅबमध्ये, तेवढी जागा नव्हती. म्हणून बुटकी बाजू खिडकीकडे आली. आता पडल्या पडल्या समोर गुलमोहर दिसतो, डोक्यामागे दार. हे श्रेय मी पाहुण्यांसमोर स्वतः घेते, एवढी कबुली इथे देऊन टाकते.

टब घेताना तुम्ही दुकानात सोबत आलात. नळांकडे, चकाकीकडे पाहिलंच नाहीत. टब उलटा करायला लावलात आणि खालून फायबरचा थर, पायांचे बोल्ट, आडवा आधार बघितलात. दोन टबांवर टिचकी मारलीत. एकाचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा आला, दुसऱ्याचा भरीव. स्वस्तातला पहिला होता. मग मला म्हणालात, “चपला काढा आणि आत बसा.” भर दुकानात! बसले. जमिनीतून उभा राहणारा नळ मला फार आवडला होता, तो तुम्ही नाकारलात. त्यासाठी लादीतून आणखी एक पाइप काढायचा, आणि पुढेमागे धरून उठताना तो हलणार. भिंतीतला मिक्सर नळ (गरम-गार पाणी एकत्र करणारा) घेतला.

गरम पाण्याचा हिशेब तर तुम्ही बादलीवर शिकवलात. एक कढत, दोन गार. म्हणजे आमच्या २५ लिटरच्या गीझरमधून अंघोळीचं ७५ लिटर पाणी. टबाच्या कागदावर १९० लिटर होतं, मी घाबरले. तुम्ही भरलेल्या बादलीत तांब्या बुडवलात, पाणी बाहेर सांडलं. “हा आकडा तुम्ही आत नसतानाचा. तुम्ही बसलात की साठेक लिटर जागा तुम्हीच खाणार.” तेव्हा लागणार १३० च्या आत. ५० लिटरचा गीझर घेतला, तेवढ्याच दोन किलोवॉटचा. तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो तापायला, तर लागो. तरी एक टब म्हणजे शहरात माणशी दिवसाला जे १३५ लिटर धरतात, ते जवळजवळ सगळं. म्हणून पंधरा दिवसांतून एक रविवार, आणि पाणी बंद राहणार असल्याचा, शटडाऊनचा मेसेज आला असेल तर तोही नाही. साबण न लावता पडले असेन तर ते पाणी बादल्यांनी गॅलरी धुवायला जातं.

तोडफोडीचं फार सांगत नाही. आवाज, धूळ, सोसायटीच्या दोन नोटिसा. फक्त ते अठ्ठेचाळीस तास. वॉटरप्रूफिंग झाल्यावर लादी बसवायला आलेल्या माणसाला तुम्ही परत पाठवलंत, बाथरूमभर पाणी तुंबवून भिंतीवर खडूने रेघ मारलीत आणि कळव्याहून दोन्ही दिवस सकाळी येऊन खालच्या काकूंच्या छताला हात लावून बघितलात. दुसऱ्या दिवशी काकूंनी तुम्हाला पोहे दिले. फ्रिजची चौकशी परत केली म्हणे.

आई आता तिच्या स्टुलावर बसते, तांब्या-बादली टबाच्या कडेला टेकवून ठेवते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, “ती आमची सपात. मी नाही वापरत, पण प्लंबरने आधी माझी जागा काढली.” टब कितीला पडला ते मात्र ती कुणालाच सांगत नाही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई

ता. क. तुम्ही जाताना बजावलं होतं की टबात उटणं लावून बसायचं नाही, खालचा ट्रॅप भरेल. दिवाळीच्या पहाटे मी बसले. पाणी आता थेंबथेंब उतरतंय. कळव्याहून निघालात की फोन करा, आई चकल्या काढून ठेवते.