यीस्टच्या पुडीवर मराठीत इशारा छापा

प्रति,
माननीय मंत्री, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी नौपाड्यातल्या एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. पावसाळा लागला की काउंटरवर जुलाबाच्या औषधांसाठी रांग लागते, आणि त्यात हल्ली 'पोटाची पावडर' हटकून मागितली जाते. म्हणजे सॅकरोमायसिस बुलार्डी या यीस्टची पुडी.

औषध गुणाचे आहे. 1920 च्या दशकात आंरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवरून हे यीस्ट वेगळे केले. कॉलऱ्याच्या साथीत तिथले लोक त्या साली वापरत होते. हे जिवाणू नव्हे, बुरशीच्या जातीचे आहे, म्हणून अँटिबायोटिकने मरत नाही. डॉक्टर ते अँटिबायोटिकच्या कोर्ससोबत देतात ते याचसाठी.

पण ते जिवंत असते, आणि हे घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. केमोसाठी छातीत सेंट्रल लाइन (थेट मोठ्या रक्तवाहिनीत जाणारी नळी) बसवलेल्या सासऱ्यांसाठी एक ताई पुड्या न्यायला आल्या होत्या. शेजारणीने सुचवले होते. पुडी फाडली की भुकटी उडते, बोटांना चिकटते. तोच हात लाइनला लागला तर यीस्ट थेट रक्तात जाऊ शकते आणि प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. अशा रुग्णांना हे देऊच नये, असे युरोपच्या औषध नियामकांनी 2017 मध्येच बजावले आहे. मी त्या ताईंना तिथूनच डॉक्टरांना फोन करायला लावला. डॉक्टरांनी साफ नको म्हटले. हीच पुडी मोबाइलवरून घरपोच आली असती तर त्यांना अडवले कोणी असते?

त्यात यीस्ट एकच, पण एका खोक्यावर औषधाचा परवाना, तर दुसऱ्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी क्रमांक. दुसऱ्यावर बारीक इंग्रजीत 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असते आणि गिऱ्हाईक ते जुलाबावरच नेते. लेबलचे नियम दिल्लीत ठरतात, हे मला ठाऊक आहे. पण तपासणी आपले अधिकारी करतात, आणि अन्न व औषध दोन्ही आपल्याच खात्यात आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने साखरेच्या पेयांच्या नावातून 'ओआरएस' काढायला लावलेच ना!

आपण केंद्राकडे आग्रह धरावा. खोक्यावर मराठीत ठळक छापले जावे: हे जिवंत यीस्ट आहे; सेंट्रल लाइन असलेल्या, आयसीयूतल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णाला देऊ नका; फ्लुकोनाझोलसारखे बुरशीवरचे औषध चालू असेल तर हे घेऊ नका; गरम दुधात, चहात घालू नका. आणि लहान मुलांना जुलाब झाले तर आधी ओआरएस आणि झिंक. हे शेवटचे मी फार कळकळीने लिहिते आहे. महागडी पावडर घेतली की स्वस्त ओआरएस काउंटरवरच राहते आणि मूल कोरडे पडत जाते.

तोवर निदान खात्याचे एक मराठी पत्रक ठाणे जिल्ह्यातल्या प्रत्येक मेडिकलमध्ये लावायला सांगा. आमच्याकडे मी हाताने लिहून चिकटवले आहे, पण लोक सरकारी शिक्का पाहून थांबतात.

आपली नम्र,
एक फार्मासिस्ट, नौपाडा, ठाणे