शुद्धी नव्हे, बीपी उतरलंय

संपादक महोदय,

रेकी किंवा प्राणिक हीलिंगच्या, म्हणजे हातांनी ‘ऊर्जा’ देऊन बरं करण्याच्या, बैठकीनंतर डोकं दुखलं, गरगरलं, ढाळ लागले, दोन दिवस अंग मोडून आलं, की ‘शुद्धी चालू आहे, विष बाहेर पडतंय’ असं सांगितलं जातं. रेकीत तर दीक्षेनंतरचे 21 दिवस शुद्धीचेच धरतात. बैठकीनं बरं वाटणारे पुष्कळ आहेत. तासभर शांत निजवून, मोबाइल बाजूला ठेवायला लावून कुणी आपल्याकडं लक्ष दिलं तर बरं वाटणारच. भांडण ‘शुद्धी’ या शब्दाशी आहे. निरनिराळी दुखणी त्यात एकाच पोत्यात भरली जातात.

सगळ्यात जास्त दिसते ती चक्कर. माणूस 45 मिनिटं ते तासभर उताणा पडतो आणि ‘झालं, उठा’ म्हटल्याबरोबर ताडकन उभा राहतो. उभं राहताच अर्धा ते एक लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. शिरा वेळेवर आवळल्या नाहीत, की डोळ्यांपुढं अंधारी येते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब 20 किंवा खालचा 10 नं घसरला तर त्याला आजाराचं नाव आहे, ऊर्जेचं नाही. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्या घेणारे, जुना मधुमेह असलेले, म्हातारी माणसं यांना हा धोका अधिक. त्यातून मे महिन्यातलं परभणी-नांदेडचं ऊन, पत्र्याचा हॉल आणि सकाळपासून पोटात दोन घोट पाणी. उपाय साधा आहे. आधी कुशीवर वळवायचं, मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवायचं, पाणी द्यायचं आणि उठताना हाताशी माणूस ठेवायचा. पडलेल्या आजीचं खुब्याचं हाड मोडलं तर ते कुठल्याच चक्रानं जुळत नाही.

दुसरी गोष्ट साखरेची. ‘हलक्या पोटी या’ असा निरोप असतो आणि मधुमेही माणूस सकाळची ग्लिमेपिराइडची, म्हणजे साखर उतरवणारी, गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, गुरुवारच्या उपासाचं निमित्त साधून, काही न खाता येतो. मग दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, बोलण्यात घोटाळा. हे ‘साठलेलं बाहेर येतंय’ नसतं, साखर 70 च्या खाली गेलेली असते. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं आणि नंतर भाकरी-पोळी खायला घालावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नये. श्वासनलिकेत जातं.

काही ठिकाणी बैठकीआधी जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. पाच-दहा मिनिटांत ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, बोटं आखडून चोचीसारखी होतात. बघणारे हरखतात, ‘ऊर्जा वाहायला लागली!’ खरं तर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर गेल्यानं रक्त अल्कधर्मी होतं, त्यात मोकळं फिरणारं कॅल्शियम घटतं आणि स्नायू आवळतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून डोकं हलकं होतं. माणसाशी बोलत श्वास सावकाश करून घेतला की काही मिनिटांत उतरतं. नाकातोंडावर कागदी पिशवी धरू नये. दमा किंवा हृदयाचा झटका असेल तर ती जिवावर बेतते.

रडू येणं, जांभया, झोप यात काळजी करण्यासारखं काही नाही. ढाळ मात्र दिवसभर थांबले नाहीत तर शिबिरातल्या पाण्याकडं बघा, चक्रांकडं नंतर.

त्रास झाला की ‘ऊर्जा जास्त झाली’ असाही खुलासा देतात, त्याबद्दल एकच. 1998 साली अमेरिकेत एमिली रोझा या शाळकरी मुलीचा प्रयोग तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. थेरप्युटिक टच, म्हणजे हातांनी माणसाची ऊर्जा जाणून बरं करण्याची अशीच पद्धत, करणाऱ्या 21 जणांना पडद्याआडून विचारलं, तुमच्या कुठल्या तळहातावर माझा हात आहे? 280 पैकी 123 उत्तरं बरोबर आली, म्हणजे 44 टक्के. नाणं उडवलं असतं तर निम्मी आली असती. जी ऊर्जा जाणवतच नाही ती जास्त झाली हे कसं कळतं?

सगळ्यात मोठा दुष्परिणाम मात्र हाताचा नाही, तोंडचा आहे. ‘आता गोळ्या बंद करून बघा.’ फिटची गोळी एकदम थांबली की झटके उलटतात, स्टिरॉइड एकदम थांबलं की रक्तदाब कोसळू शकतो आणि लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या मुलाचं इन्सुलिन तोडलं तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साठतं. संपादक महोदय, 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा मधुमेह, अपस्मार, कर्करोग, पक्षाघात मंत्र-तोडग्यांनी बरे करण्याच्या जाहिराती अडवतो आणि त्या छापण्यात भाग घेणाऱ्यालाही धरतो. आपल्या जाहिरात विभागाच्या भिंतीवर त्याची यादी लावावी, ही विनंती.

आणि बैठकीत कुणाची छाती दाबल्यासारखी झाली, डावा हात भरून आला, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळला, तर ‘ब्लॉक मोकळा होतोय’ म्हणत बसू नये. 108 ला फोन करावा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं, आणि आपल्याकडं तालुक्याच्या गावाहून सीटी स्कॅनपर्यंत पोचताना त्यातला मोठा तुकडा रस्त्यातच जातो.

– एक निवृत्त परिचारिका, अंबाजोगाई