रविवारच्या तिकिटावर टीमची नावंच नाहीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी मूळची नागपूरची, जानेवारीपासून लेकीकडे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात कॅरी गावी आहे आणि तुमचा पेपर इथे रोज सकाळी चहाबरोबर मोबाईलवर वाचते. काल क्रीडा पानावर आयपीएलच्या तयारीच्या बातम्यांखाली अगदी तळाला चार ओळी होत्या, अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेचा ड्रॉ जाहीर, ऑबर्न, ड्यूक, ह्यूस्टन आणि फ्लोरिडा यांना अव्वल मानांकन. बातमी बरोबर होती, चूक काहीच नाही, पण त्या चार ओळी वाचून वाचकाला काय कळणार हो? रविवारी संध्याकाळपासून इथे ऑफिसात, शाळेत, देवळात प्रसादाच्या रांगेतसुद्धा लोक जे बोलतायत ते त्यात आलंच नाही. लोक बोलतायत ते न झालेल्या मॅचेसबद्दल. ही जिंकली आणि ती पण जिंकली तर दुसऱ्या राउंडला कोण कोणासमोर येईल, हेच.

ज्यांनी हे बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 68 टीमा, आधी चार मॅचेस होऊन त्यातल्या 64 उरतात, मग सोळा-सोळाचे चार गट, प्रत्येक गटात एक ते सोळा नंबर, आणि एक मॅच हरलात की घरी. लीग नाही, दुसरी संधी नाही. ड्रॉ एकदा लागला की फायनलपर्यंतचा रस्ता कागदावर छापलेलाच असतो, पुढे नावं आपण पेन्सिलनं भरायची. आमच्या फ्रिजवर टेकडीच्या गणपतीच्या मॅग्नेटखाली तो कागद लावलाय, माझा एक, जावयाचा एक, नऊ वर्षांच्या नातवाचा एक, आणि नातवाचा कागद खोडरबरानं घासून घासून एका ठिकाणी फाटायला आलाय. ते ठिकाण म्हणजे वेस्ट गटातला दुसरा राउंड, फ्लोरिडा आणि यूकॉन.

ही मॅच झाली तर रविवारी होईल आणि ती आमच्या घरापासून वीस मिनिटांवर रालीच्या लेनोव्हो सेंटरमध्ये होईल. यूकॉन म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठ, 2023 आणि 2024 चे सलग चॅम्पियन, त्या दोन वर्षांत या स्पर्धेतल्या बाराच्या बारा मॅचेस त्यांनी दहापेक्षा जास्त पॉइंटांनी जिंकल्या. यंदा मात्र गाडी अडखळली, नोव्हेंबरात हवाईला गेले आणि तीन दिवसांत तीन मॅचेस हरून आले, आता आठवं मानांकन घेऊन आलेत. आणि समोर कोण येऊ शकतं तर एक नंबरची फ्लोरिडा, जी यूकॉनच्या आधी सलग दोनदा चॅम्पियन झालेली शेवटची टीम, 2006 आणि 2007. म्हणजे ज्या दोन कॉलेजांना या शतकात हे जमलं ती दोन्ही दुसऱ्याच राउंडला आमनेसामने, आणि यूकॉनला सलग तिसरं हवंय जे 1967 ते 1973 सलग सात वर्षं जिंकणाऱ्या लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठानंतर कुणालाच जमलेलं नाही. जावई म्हणतो फ्लोरिडा सहज जिंकेल, परवा त्यांनी टेनेसीला हरवून आपल्या लीगची, म्हणजे या स्पर्धेआधीची वेगळी, स्पर्धा जिंकली, वॉल्टर क्लेटन फॉर्मात आहे. मला तसं सहज वाटत नाही. चॅम्पियन टीम थकलेली असली तरी तिला शेवटची पाच मिनिटं कशी खेळायची ते माहीत असतं, आणि डॅन हर्लीसारखा कोच बाजूला ओरडत उभा असताना ती टीम आपणहून हार मानणार नाही. फ्लोरिडा जिंकली तरी दोन-चार पॉइंटांनीच, हे मी कागदावर लिहून ठेवलंय. अर्थात आधी यूकॉनला शुक्रवारी ओक्लाहोमाला हरवायचंय, ते पण सोपं नाही.

त्याच कोर्टावर ड्यूकचाही मुक्काम आहे. ड्यूक म्हणजे डरहॅमचं विद्यापीठ, शेजारचंच गाव, आणि इथे अर्धी माणसं ड्यूकवर जीव टाकतात तर अर्धी ड्यूक हरावी म्हणून. सध्या सगळ्यांचं लक्ष कूपर फ्लॅगच्या घोट्यावर आहे, अठरा वर्षांचा पोरगा, गेल्या गुरुवारी पाय मुरगळला आणि त्याच्याशिवाय टीमनं लीगची फायनल जिंकली. आता बघा, शुक्रवारी बेलरनं मिसिसिपी स्टेटला हरवलं तर रविवारी ड्यूकसमोर जेरेमी रोच उभा राहील. हा रोच चार वर्षं ड्यूकचाच गार्ड, टीमचा कॅप्टन होता, गेल्या वर्षी बेलरला गेला. ज्या प्रेक्षकांनी चार वर्षं त्याच्या नावानं टाळ्या वाजवल्या तेच प्रेक्षक घरापासून अर्ध्या तासावर त्याच्याविरुद्ध ओरडणार. आणि ड्यूक तिथून पुढे तिसऱ्या राउंडसाठी नेवार्कला गेली आणि ॲरिझोनानं पण आपल्या दोन मॅचेस काढल्या तर समोर केलेब लव्ह! 2022 च्या सेमीफायनलला हा मुलगा चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून खेळत होता, 28 पॉइंट काढले, शेवटच्या अर्ध्या मिनिटात लांबून तीन पॉइंटांचा बास्केट, म्हणजे थ्री पॉइंटर, टाकला आणि 81-77 नं ड्यूक गेली. ड्यूकचे कोच शशेव्हस्की यांची ती शेवटची मॅच. इथे ड्यूकवाल्यांसमोर त्या पोराचं नाव नुसतं काढा, चेहरे बघा. आता तो ॲरिझोनात आहे आणि शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याला परत एकदा ड्यूकसमोर बघायचं मला फार मनात आहे.

खुद्द नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची तऱ्हा वेगळी. त्यांना शेवटच्या जागांमध्ये कसंबसं घेतलं, आज रात्री डेटनला त्या आधीच्या चार मॅचेसपैकी एक सॅन डिएगो स्टेटशी खेळून मग आत यायचंय. मोठ्या टीमांविरुद्ध तेरा मॅचेसपैकी एकच जिंकलेली ही टीम, आणि निवड समितीचा अध्यक्ष त्यांच्याच विद्यापीठाचा क्रीडा संचालक, त्यामुळे वेस्ट व्हर्जिनियाला बाहेर ठेवल्यावर तिथल्या गव्हर्नरनं काल चक्क पत्रकार परिषद घेतली. नॉर्थ कॅरोलायनावर चर्चा चालू असताना अध्यक्ष खोलीबाहेर होते असं समिती सांगते आणि मी त्यावर विश्वास ठेवते, पण वेस्ट व्हर्जिनियाच्या मुलांचं वाईट वाटतं, ती मुलं रविवारी टीव्हीसमोर बसली असतील.

आता नागपूरच्या माझ्या मैत्रिणी म्हणतील की हे सगळं जर आणि तर. हो, आहेच. आम्ही 1985-86 ला विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळायचो तेव्हा ड्रॉ हातानं लिहून नोटीस बोर्डावर लावायचे, आणि आम्ही मुली आपली पहिली मॅच कधी आहे हे बघायच्या आधी बोट फिरवत सेमीला कोण येतंय ते बघायचो. एका वर्षी तर ज्या कॉलेजनं आदल्या वर्षी हरवलं होतं ते सेमीला येणार म्हणून महिनाभर त्यांच्या सेंटरला, म्हणजे बास्केटखालच्या उंच खेळाडूला, कसं अडवायचं याचीच प्रॅक्टिस केली, सिमेंटच्या कोर्टवर पडून गुडघे सोलून घेतले, आणि पहिल्याच मॅचला वर्ध्याच्या मुलींनी तीन पॉइंटांनी काढलं. अजून आठवतं. पण त्या महिन्याइतकी जीव तोडून प्रॅक्टिस आम्ही परत कधी केली नाही हेही खरंय.

वेस्ट गटाच्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या मॅचेसबद्दल तर वेगळं पान लागेल. तिथे पहिल्याच राउंडला कॅन्सस आणि अर्कान्सा, म्हणजे त्यांचे कोच बिल सेल्फ आणि जॉन कॅलिपारी, जे दोन वेळा थेट फायनलला भिडलेत, 2008 ला कॅन्ससनं दोन सेकंद बाकी असताना थ्री पॉइंटर टाकून मॅच ओव्हरटाइमला नेली आणि कॅलिपारींच्या मेम्फिसला हरवलं, 2012 ला कॅलिपारींच्या केंटकीनं कॅन्ससला. जो जिंकेल त्याच्यासमोर शनिवारी बहुतेक सेंट जॉन्सचे रिक पिटिनो. बहात्तर वर्षांचे, सहा वेगवेगळ्या कॉलेजांना या स्पर्धेत आणणारे पहिले कोच, आणि 1987 ला याच प्रॉव्हिडन्सच्या कॉलेजला त्यांनी सेमीफायनलपर्यंत नेलं होतं. कॅलिपारी आणि पिटिनो दोघांनीही केंटकीला चॅम्पियन केलंय, पिटिनोंनी 1996 ला, कॅलिपारींनी 2012 ला, आणि दोन्ही वेळा सेमीफायनलला एकमेकांनाच हरवून. मला कॅन्ससपेक्षा अर्कान्सा यावी असं वाटतं, नंबर दहा असली तरी. आणि याच वेस्ट गटाच्या फायनलला फ्लोरिडा आणि सेंट जॉन्स आल्या तर फ्लोरिडाचा क्लेटन आपल्या जुन्या गुरूसमोर उभा राहील, कारण आयोना नावाच्या छोट्या कॉलेजात त्याला पिटिनोंनीच घडवलं, गुरू न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्सला गेले आणि शिष्य फ्लोरिडाला.

जावई पर्ड्यू विद्यापीठाचा. त्यामुळे घरात मिडवेस्ट गटाबद्दल जपून बोलावं लागतं, 2023 ला नंबर एक असून सोळा नंबरच्या टीमकडून हरले आणि गेल्या वर्षी फायनलला जाऊन यूकॉनकडून, दोन्ही जखमा ताज्या आहेत. यंदा नंबर चार आहेत पण दोन मॅचेस जिंकल्या तर पुढचा खेळ इंडियानापोलिसला, त्यांच्या कॅम्पसपासून तासाभरावर, तिथे ह्यूस्टन एक नंबर असून पाहुणी ठरेल. तसंच ऑबर्नचं लेक्सिंग्टनला, शेजारची लुइव्हिल आली तर सगळं मैदान लुइव्हिलचं. संपादक साहेब, ही नावं बघा, पर्ड्यू, ॲरिझोना, मिशिगन, विस्कॉन्सिन, टेक्सस ए अँड एम, इलिनॉय, मेरीलँड. पुण्या-नागपुरातल्या किती घरांना ही नावं ॲडमिशनच्या पत्रांवरून आणि फीच्या आकड्यांवरून पाठ आहेत! त्याच कॉलेजात आपली पोरं चेहरा रंगवून स्टँडमध्ये उड्या मारतायत आणि घरी फोनवर विचारलं जातं, जेवलास का, थंडी आहे का. एकदा मॅचबद्दल विचारून बघा, पोरगं अर्धा तास बोलेल.

आणि मुलींच्या स्पर्धेचा तर तुमच्या बातमीत उल्लेखच नव्हता, याचं मला मनापासून वाईट वाटलं. गेल्या वर्षी मुलींची फायनल मुलांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी टीव्हीवर बघितली, पहिल्यांदाच. यंदाची सगळ्यात मोठी संभाव्य मॅच कुठली असं मला कुणी विचारलं तर मी फ्लोरिडा-यूकॉन म्हणणार नाही, मी यूएससी (दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ) आणि यूकॉनच्या मुली म्हणेन, स्पोकॅनला गटाच्या फायनलला. यूएससीची जूजू वॉटकिन्स आणि यूकॉनची पेज बेकर्स. गेल्या वर्षी याच टप्प्यावर यूकॉन 80-73 नं जिंकली, डिसेंबरात यूएससीनं हार्टफर्डला जाऊन 72-70 नं परतफेड केली. बेकर्सचं हे शेवटचं वर्ष, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे एक अख्खं वर्ष बाहेर बसली होती, आणि यूकॉनसारख्या अकरा वेळा चॅम्पियन झालेल्या कॉलेजात खेळूनही तिच्या नावावर अजून एकही नाही. गेल्या महिन्यात यूकॉनच्याच मुलींनी साउथ कॅरोलायनाला त्यांच्या घरी 29 पॉइंटांनी हरवलंय. अशा दोन टीमा सेमीफायनलच्या आधीच एकमेकींना बाद करणार हे मला पटत नाही, पण नकाशा तसा पडलाय. वॉटकिन्सची एक गोष्ट बघा कधीतरी, ती बॉल घेऊन बास्केटकडे घुसताना शेवटच्या पावलाला एक क्षण थांबते, समोरची उडी मारून खाली येते आणि मग ही वर जाते. आम्हाला आमचे सर हेच शिकवायचे, "आधी तिला उडू दे", चाळीस वर्षांत मला जमलं नाही, ही विशीच्या आत झोपेत केल्यासारखं करते.

मुलींच्यात पहिले दोन राउंड वरच्या सोळा टीमांच्या घरीच होतात, त्यामुळे या शुक्रवार ते सोमवार राली, डरहॅम आणि चॅपल हिल तिन्ही गावांत मुलींच्या मॅचेस आहेत. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या मुली आपापल्या घरी दोन-दोन जिंकल्या तर पुढे बर्मिंगहॅमला एकमेकींशीच! वीस किलोमीटरवरच्या दोन गावांनी आठशे किलोमीटर जाऊन खेळायचं. मुलांच्यात हीच जोडी जमायची तर थेट फायनलशिवाय शक्य नाही, त्यामुळे ती मी कागदावर लिहिली नाही.

माझी विनंती एवढीच आहे की शुक्रवारपासून तीन आठवडे रोज पानाच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन द्या, कोण जिंकलं आणि आता कोण कोणासमोर येऊ शकतं, दहा ओळी पुरेत. मुलांचा आणि मुलींचा दोन्ही. आयपीएल शनिवारी सुरू होतंय हे मला माहीत आहे, मी पण बघणार आहे. आपल्याकडे या मॅचेस रात्री साडेनऊनंतर सुरू होऊन सकाळपर्यंत चालतात, नागपूर-नाशिक-कोल्हापुरात पहाटे कोर्टवर येणारी मुलं-मुली सकाळी पेपर उघडतील तेव्हा निकाल ताजाच असेल.

लेकीनं जानेवारीतच रविवारची तिकिटं काढून ठेवलीत, मोबाईलवर दिसतात. तारीख आहे, गेट आहे, सीट नंबर आहे, आणि जिथे टीमची नावं असतात तिथे नुसतं सेकंड राउंड लिहिलंय. नातू रोज रात्री झोपायच्या आधी माझा मोबाईल मागून ते तिकीट उघडून बघतो, आजी नावं आली का म्हणून.

आपली एक वाचक,
मूळ नागपूर, सध्या मुक्काम कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
18 मार्च 2025