'द पिल' वादग्रस्त होतं, पण कुणाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या कंट्री संगीतावर, म्हणजे तिथल्या ग्रामीण वळणाच्या गाण्यांवर, लेख आला होता. गायिका लोरेटा लिनचं 'द पिल' (म्हणजे गर्भनिरोधक गोळी) हे १९७५ चं गाणं त्यात 'वादग्रस्त' या एका शब्दात उरकलं आहे. मी संगीतातली जाणकार नाही. पण आरोग्य उपकेंद्रात २७ वर्षं गर्भनिरोधक गोळ्या वाटल्या, म्हणून या गाण्याबद्दल बोलायचा थोडा हक्क सांगते.

ते मला भाच्याने ऐकवलं. इंग्रजी मला अर्धंमुर्धंच कळतं, गाण्यातलं तर त्याहून कमी. तरी बाई नवऱ्याला काय सुनावते आहे ते समजलं: जग दाखवीन म्हणाला होतास, मी मात्र बाळंतपणंच बघत राहिले. पुढे ती स्वतःला कोंबडी म्हणते आणि खुराडं मोडायला निघते. भाचा अर्थ सांगू लागला, तेव्हा म्हटलं, अरे, खुडूक कोंबडी म्हणजे काय हे तू मला शिकवू नकोस!

लोरेटा केंटकीतल्या बुचर हॉलोची, कोळशाच्या खाणीतल्या मजुराची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आसपास चार मुलं, नंतरच्या जुळ्या मुली धरून सहा. गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली १९६० मध्ये. गाणं १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित झालं आणि दोन वर्षं कंपनीकडे पडून राहिलं. बाजारात आलं तेव्हा गोळी जुनी झाली होती, नवं होतं ते एवढंच की एक बाई तिच्याबद्दल खुशाल, हसत गात होती. अनेक रेडिओ स्टेशनांनी ते लावायला नकार दिला. दारू आणि बाहेरख्याली यांवरची पुरुषांची गाणी त्यांना चालत होती, हे लेखकाने लिहायला हवं होतं.

एवढं करून ते कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या शंभराच्या यादीत ७० वर. त्या यादीत लोरेटाचं एकटीचं दुसरं कुठलंच गाणं याच्या वर गेलं नाही. रेडिओ फुकट ऐकता येतो, रेकॉर्डला पैसे मोजावे लागतात. ते कुणी मोजले असतील? मला तरी वाटतं, बायकांनीच. खेड्यांतले डॉक्टर आपल्याला सांगत, की आमच्या माहितीपत्रकांनी झालं नाही ते तुझ्या गाण्याने झालं, असं लोरेटाने मुलाखतीत सांगितलं होतं. यावर माझा लगेच विश्वास बसला. पत्रकं मीही वाटली आहेत. त्यांत शेंगदाणे बांधून आलेले पाहिले आहेत.

आमच्या माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या. शेवटच्या सात तपकिरी, लोहाच्या. सभेत मी हे सांगायला लागले की बायका पदर तोंडाला लावून खाली बघायच्या. मग विहिरीवर एकटी गाठून विचारायच्या, "बाई, एक चुकली तर?" मी जाहीर सांगायचे त्यापेक्षा विहिरीवरचं बोलणं जास्त गावभर व्हायचं.

एकीने पाकीट मिसळणाच्या डब्याखाली दडवलं होतं. नवऱ्याला, सासूला पत्ता नव्हता. एक दिवस ती धापा टाकत उपकेंद्रात आली. मला वाटलं, मार खाऊन आली.

"बाई, आत्याबाईंला घावलं पाकीट."

"मग?"

"काय न्हाय. उचलून त्यांच्या ट्रंकेत ठिवलंय. म्हनल्या, मिसळणाला साऱ्यांचे हात लागत्यात. आता रोज रातच्याला त्याच काढून देत्यात."

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, वाई (जि. सातारा)