बूट काढायच्या आधी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी तुम्हाला माझ्या संकल्पांची यादी दाखवली होती. नऊ संकल्प होते: पहाटे उठणं, वाचन, बचत, नवी भाषा, आणखी काय काय. तुम्ही चष्मा लावून ती दोनदा वाचलीत आणि विचारलंत, "यातलं एकच ठेवायचं झालं तर कुठलं ठेवशील?" खरं सांगते, मला राग आला होता. माझ्या उमेदीवर कुणी काट मारतंय असं वाटलं. आज हे पत्र लिहितेय ते त्या प्रश्नापासूनच्या सगळ्यासाठी.

मी म्हटलं, "दिवसभर बसून राहायचं नाही, हे." तुम्ही मान हलवलीत. "काय करायचं नाही ते नको, काय करायचं ते सांग." मग 'चालायचं' असं ठरलं. तेवढ्यावरही तुम्ही सोडलं नाहीत. कधी? कशाच्या पाठोपाठ? शेवटी कागदावर एक ओळ उरली: संध्याकाळी कामावरून घरी आले की बूट काढायच्या आधी वीस मिनिटं चालून यायचं.

त्या बुटांनी मला तारलं, ताई. दारात उभी राहिले की हात आपसूक नाडीकडे जायचा, आणि नाडीला हात लागला की ती ओळ आठवायची. एकदा बूट निघाले असते तर पुन्हा घालणं माझ्याच्याने झालं नसतं.

पुढे मी याविषयी वाचत गेले. 'अमुक झालं की तमुक करायचं' अशा नेमक्या बेताचा उपयोग मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 सालीच मांडला होता. स्वीडनमध्ये नववर्षाच्या संकल्पांवर हजाराहून अधिक लोकांचा अभ्यास झाला, तो 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात 'हे करीन' म्हणणारे सुमारे 59 टक्के लोक वर्षअखेर आपण यशस्वी झालो असं सांगत होते. 'हे टाळीन' म्हणणारे 47 टक्के. तुम्ही यातलं काही वाचलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. तुम्हाला माणसं कळतात, एवढं मला पुरेसं आहे.

फेब्रुवारीत मी तापाने पडले. कॅलेंडरवर सलग नऊ चौकोन कोरे राहिले. बरी झाल्यावर त्या कोऱ्या चौकोनांकडे बघवेना, म्हणून मी कॅलेंडर उलटं करून ठेवलं. एकवीस दिवसांत सवय लागते असं ऐकलं होतं, माझे तर चाळीसच्या वर दिवस होऊन गेले होते. म्हणजे हे आपल्याला जमणारं नाही, असं मी धरून चालले. तो एकवीसचा आकडा किती तोकडा आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर त्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. माझे नऊ चुकले होते, पण ते वाचून जीव भांड्यात पडला.

हे वाचन नंतरचं. त्या संध्याकाळी मात्र तुम्ही माझ्या दारात आलात, कॅलेंडर सरळ केलंत आणि म्हणालात, "मागचे राहू देत. आजचा चौकोन अजून आपल्या हातात आहे." मग स्वतःचा गुडघा दुखत असताना माझ्याबरोबर निघालात. वळणापर्यंत जाऊन आपण परत आलो. अकरा मिनिटं झाली होती. मी म्हटलं, वीस नाही झाली. तुम्ही पेन माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "फुली मार."

त्या फुलीनंतरही काही चौकोन कोरे राहिले, पण कॅलेंडर पुन्हा उलटं झालं नाही. त्या अकरा मिनिटांसाठी, आणि दुखऱ्या गुडघ्याचा एक शब्दही न काढल्याबद्दल, मनापासून आभार.

यंदाच्या कागदावरही एकच ओळ लिहिली आहे. चष्मा घेऊन याल का?

तुमची,
शेजारच्या दारातली